कॅरी प्रांतीच्या मोवरयुद्धाची आणि फिरलेल्या करंडकाची हकीकत

श्रीगजाननकृपेकरून. समस्त राजमान्य वाचकमंडळी जेथे असतील तेथे सुखरूप असोत. विशेष. अमेरिका खंडी, उत्तर कॅरोलिना सुभ्यात, मौजे कॅरी येथे मोवरांची जी थोर झुंज जाहली, तींत करंडक प्रथम कोणी नेला, मग कोणाकडे गेला आणि कोणत्या सबबीने गेला, याविषयी लोकांत नाना तऱ्हेच्या वार्ता उठल्या. कोणी म्हणतात वशिला जाहला, कोणी म्हणतात घरचे भांडण चव्हाट्यावर आले. सबब घडले वर्तमान, कमी न करिता आणि पदरचे न घालिता, येथे मांडिले आहे. थोरांच्या चुका लिहिताना लेखणी अडखळते. परंतु चुका वगळून लिहिले तर ती बखर नव्हे, लग्नाची आमंत्रणपत्रिका जाणावी.

शके एकोणीसशे एकोणतीस, सर्वजितनाम संवत्सर, श्रावणमास. उत्तर कॅरोलिना हा मुलूख बहुत हिरवा, झाडी दाट, हवा दमट, लोक गोड बोलणारे आणि मोटारींचे वेडे. या प्रांती मोठमोठे सरदार, दुकानी मिळते तैशीच दिसणारी मोटार घेऊन, गोल रिंगणात डावीकडे वळत वळत दिवसभर पळवितात, आणि लाखो रयत कानात बोळे घालून ते पाहते आणि कृतार्थ होते. त्याच साली त्या थोर शर्यतींत काही पथकांची लबाडी उघडकीस येऊन दंड जाहले, आणि ऑफिसांत, पेट्रोलपंपांवर, न्हाव्याच्या खुर्चीवर तोच एक मजकूर चालू होता.

अशा मुलखात आमचे लोक पुण्याहून, नागपुराहून, सांगलीहून व्हिसा घेऊन उतरले आणि संगणकाच्या व औषधांच्या कंपन्यांत चाकरी धरून, कर्जाऊ घरे घेऊन स्थिरावले. घर आले तैसे घरापुढे गवत आले. गवत वाढले म्हणजे सोसायटीची ताकीद येई. सबब प्रत्येकाने बसून हाकायचे गवतकापणीचे यंत्र घेतले, ज्यास त्या देशी मोवर म्हणतात. अंगण रुमालाएवढे आणि मोवर बैलगाडीएवढा. परंतु शेजाऱ्याने घेतला म्हणजे आपणही घेणे प्राप्त जाहले. मग मागील वर्षी सह्याद्री स्नेहमंडळाच्या अध्यक्षा वसुधाताई यांच्या मनी आले की, या प्रांताची रीत आपणही उचलावी आणि श्रावणी पिकनिकीस मोवरांची शर्यत करावी. त्याप्रमाणे पाती काढून मोवर पळवावे, एका शेतकऱ्याचे कुरण भाड्याने घ्यावे, आणि जिंकेल त्यास हातभर उंचीचा सोनेरी करंडक द्यावा, ऐसे ठरले. नियम एकच जाहला: मोवर दुकानातून जैसा आला तैसाच असावा, आतबाहेर काडीचाही फेरफार नसावा. आणि हा नियम राखण्यास तपासनीस म्हणून गिरिजाबाई नामजाद जाहल्या.

गिरिजाबाई मूळच्या पुण्याच्या. औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासण्याच्या खात्यात त्यांची चाकरी. गोळीवर तिळाएवढा डाग दिसला तर सगळी बॅच परत फिरविणार, मग वरिष्ठ कितीही विनवोत. घरीसुद्धा दुधाच्या कॅनवरची तारीख वाचल्याखेरीज चहाचे आधण चढत नसे. त्यांचे यजमान अवधूतराव नागपूरचे, संगणकाच्या चाकरीत, स्वभाव हसरा, हात सढळ. परंतु मागील वर्षीच्या पहिल्या शर्यतीत ते सर्वांच्या मागे राहिले, इतके मागे की त्यांची वाट न पाहता जेवणाच्या पंगती बसल्या. ही नामुष्की त्यांच्या काळजात रुतून राहिली होती, आणि गिरिजाबाईंस त्याची खबर नव्हती.

पिकनिकीचा दिवस शनिवारचा, श्रावणातला. निम्म्या लोकांस उपवास. कुरणाच्या तोंडाशी गिरिजाबाईंनी छावणी दिली: एक घडीची खुर्ची, एक छत्री, हाती टॉर्च, आणि हिरव्या गोल स्टिकरांचा गठ्ठा. ज्याचा मोवर निर्मळ त्यास स्टिकर, आणि ज्यास स्टिकर त्यासच रिंगणात प्रवेश, ऐसा कडेकोट बंदोबस्त. मग एकेक शिलेदार मोवर ढकलीत पुढे येऊ लागला, आणि बाई प्रत्येकाचे हूड, म्हणजे इंजिनावरचे झाकण, उघडून, टॉर्च मारून, पट्टा चाचपून, खाली वाकून पुली निरखून पाहात. एकाने टायरात हवा दडपून भरली होती, ती सर्वांदेखत सोडविली. एकजण म्हणो लागला की, वहिनी, आपण घरचेच, जरा लवकर करा. त्यास बाईंनी उन्हात दुप्पट वेळ उभे केले.

याच रांगेत दिगंबरकाका उभे होते. काका सांगलीचे, वीज मंडळातून निवृत्त, पुत्र संग्राम याजकडे सहा महिने राहावयास आले होते. मुलगा आणि सून सकाळी मोटारी काढून कामावर जात, आणि मग काका दिवसभर त्या सुनसान घरात एकटे. बस नाही, रस्त्यास पायवाट नाही, दुकान कोसभर लांब, आणि मोटार हाकण्याचा परवाना नाही. ज्यास परवाना लागत नाही ऐसे एकच वाहन घरात होते, ते म्हणजे मोवर. काकांनी त्याजवर जीव लाविला. गवत असो वा नसो, रोज सकाळी टोपी घालून स्वारी निघे, आणि आखूड वळण, उलटे वळण, झाडाला वेढा, ऐसे सर्व त्यांच्या हाती बसले. आता उपवासाच्या दिवशी, कपाळी शेंदूर लावून, ते मैदानात उतरले होते.

काकांच्या हूडच्या आतल्या अंगास मारुतीरायाचे चित्र चिकटविलेले आढळले. गिरिजाबाई विचारात पडल्या. चित्र दुकानातून आले नाही ही गोष्ट खरी, परंतु इंजिनाशी त्याचा संबंध लागत नाही, सबब मारुतीरायास परवानगी मिळाली. मग सीटवर एक छोटी गादी दिसली. काकांची कंबर धरत असे म्हणून सुनेने ती शिवून दिली होती. बाईंनी निकाल दिला की गादी दुकानातून आली नाही आणि तिचा संबंध बसणाऱ्याशी लागतो, सबब काढावी. काकांनी एकदा बाईंच्या तोंडाकडे पाहिले, मग गादी उचलून सुनेच्या हाती दिली आणि कठीण सीटवर जाऊन बसले.

सर्वांत शेवटी अवधूतरावांची स्वारी आली. बाई पहाटेपासून उपाशी, ऊन माथ्यावर, टॉर्चचा हात दुखत होता. अवधूतरावांनी मोवर बाजूस लावून प्रथम साबुदाणावड्यांची बशी पुढे केली, वर दाण्याची चटणी, आणि म्हटले की गार होण्याआधी खा. बाईंनी एका हाताने वडा उचलिला आणि दुसऱ्या हाताने हूडवर स्टिकर लाविला. हूड उघडले नाही. एवढा एक क्षण. पुढची सर्व धामधूम या एका क्षणातून उपजली.

मग शर्यतीस तोंड लागले. शिट्टी होताच सर्व मोवर एकदम गर्जना करून उठले, धुळीचा आणि गवताचा लोट आभाळी गेला, आणि फौज पुढे निघाली. वेग म्हणाल तर पोष्ट बंद व्हायच्या आत पोहोचू पाहणाऱ्या गृहस्थाइतका. परंतु आवेश घोडदळाचा. पहिल्याच वळणावर दोघे एकमेकांत अडकून पडले आणि तेथेच वाद घालीत राहिले. एकाचे इंजिन बंद पडले, तो उतरून त्यास लाथा मारू लागला. परंतु दिगंबरकाका वळणावर वळण अशा सफाईने कापीत गेले की बायका हातातील बश्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. काका सर्वांच्या पुढे, पाठ ताठ, टोपी जागेवर, ऐसे शेवटच्या वळणातून बाहेर पडले, आणि जयघोष सुरू जाहला.

इतक्यात मागून अवधूतरावांचा मोवर आला. कसा आला म्हणाल तर माळावर सुटलेल्या खोंडासारखा आला, सरळ वाटेवर अंतर गिळीत आला, अवधूतरावांचा शर्ट पाठीमागे फुगून उभा राहिला, आणि काकांच्या डोळ्यांदेखत ते पुढे निघून गेले व रेघ ओलांडून बरेच लांब, शेतकऱ्याच्या कुंपणाशी जाऊन थांबले. फत्ते जाहली. लोक धावले, अवधूतरावांस खांद्यावर घेतले, वसुधाताईंनी करंडक दिला, फोटो निघाले. दिगंबरकाका कंबर धरून मोवरवरून उतरले, चालत आले, आणि विजयी वीराचा हात हाती घेऊन म्हणाले की शाब्बास, शेवटी तरुण रक्त ते तरुण रक्त. अवधूतराव हसले, परंतु त्यांनी काकांच्या डोळ्यांकडे पाहिले नाही.

करंडक घरी येऊन टीव्हीच्या शेजारी बसला. मग बुधवारी ऐसे जाहले की, गवत वाढले होते, अवधूतराव कामाच्या फोनवर अडकले होते, आणि ऑफिसातून आलेल्या गिरिजाबाईंनी म्हटले की आज आपणच कापून टाकू. पाती रविवारी परत बसविली होती. बाईंनी मोवर अंगणात आणिला, बैठक घेतली, आणि नेहमीप्रमाणे पाय दाबिला.

मोवर उधळला. बाईंची ओढणी उडून झाडाला लागली. त्यांनी डावीकडे वळविला तर तो पोस्टपेटीस घासून गेला. उजवीकडे वळविला तर त्याने सीमा ओलांडून शेजारी मिस्टर हॉलिस यांच्या मुलखात स्वारी केली. मिस्टर हॉलिस हे विधुर गृहस्थ, त्यांनी वसंतापासून पाणी घालून पिटुनियांचा ताटवा वाढविला होता, गुलाबी आणि जांभळा. मोवर त्या ताटव्यातून आरपार गेला. एका बाजूने फुले आत गेली आणि दुसऱ्या बाजूने त्यांची कोशिंबीर बाहेर पडली. प्लास्टिकचा एक बगळा धारातीर्थी पडला. शेवटी बाईंनी किल्ली फिरवून काढिली तेव्हा मोवर हॉलिस यांच्या पायऱ्यांपाशी निपचित उभा राहिला, आणि पायरीवर लिंबूपाणी पीत मिस्टर हॉलिस बसले होते.

बाईंनी बहुत माफी मागितली. हॉलिस यांनी ताटव्याकडे पाहिले, मोवरकडे पाहिले, मग बाईंस विचारिले की, मॅडम, आपल्या मंडळींची ती शर्यत यानेच जिंकली काय. बाईंनी होय म्हटले. त्यावर त्या गृहस्थाने फक्त मान डोलावली आणि लिंबूपाणी पुढे केले. ती मान बाईंस शिवीपेक्षा जड गेली.

मग तेथेच, शेजाऱ्याच्या अंगणात, गिरिजाबाईंनी मोवरचे हूड उघडले. खाली वाकून पाहिले. आत सर्वत्र दोन वर्षांची धूळ, तेलकट काळी, आणि तीमध्ये इंजिनाखाली एक कोरी करकरीत पुली, जुनीहून दुप्पट, वाटीच्या जागी ताटली बसवावी तशी. पुली मोठी म्हणजे पट्टा जोराने फिरे, आणि पट्टा जोराने फिरे म्हणजे चाके. दुकानाची चिठ्ठीसुद्धा तिजवर तशीच चिकटून होती. बाई प्रथम संतापल्या, की नवऱ्याने दगा केला. मग त्यांच्या ध्यानी आले की पुली काही लपविलेली नव्हती. शनिवारी हूड उघडून खाली वाकते, तर हीच पुली डोळ्यांत भरती. तेव्हा त्यांचा संताप बसला आणि त्या शेजाऱ्याच्या पायरीवर बसल्या.

घरी आल्या त्या काळ्या हातांनीच अवधूतरावांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या, आणि फोन संपेतो हलल्या नाहीत. अवधूतरावांनी हात पाहिले आणि त्यांचा रंग उतरला. प्रथम त्यांनी मोर्चा धरिला की पुली दुकानातूनच तशी आली असेल. तो ढासळल्यावर म्हणाले, नियमात पुली हा शब्द कोठे आहे. तोही ढासळला. मग म्हणाले की रेसिंगमध्ये थोडेफार सगळेच करतात यार, आणि थोर शर्यतींतसुद्धा लबाडी सापडली तर पथकास दंड करितात, गुण कापितात, परंतु जिंकला तो जिंकलाच राहतो, करंडक काही परत घेत नाहीत. या मुलखाची रीतच तशी आहे.

गिरिजाबाई म्हणाल्या, "काकांची गादी मी काढून घेतली, अवधूत. आणि तुझं हूडसुद्धा उघडलं नाही."

मग बाईंनी एकच विचारिले, की ते वडे मुद्दाम आणले होते काय.

"गरम होते म्हणून आणले," अवधूतराव प्रथम म्हणाले, आणि मग, "आणि तू हूड उघडू नयेस म्हणूनसुद्धा."

बाईंनी फर्मान सांगितले की शनिवारी मंडळाची सभा आहे, तीत आपण आपली चूक सांगणार. तुझी तू सांगावी की न सांगावी हा तुझा विचार. तेव्हापासून घरात शीतयुद्ध सुरू जाहले. दोघांचा चहा वेगळा होऊ लागला, आणि टीव्ही पाहताना करंडक मध्ये येई म्हणून दोघांनीही टीव्ही पाहणे सोडिले.

सभेपूर्वी वरिष्ठांस इतल्ला द्यावी म्हणून बाईंनी वसुधाताईंस फोन केला. वसुधाताई कारभारी बाई, दूरवर पाहणाऱ्या. त्यांनी सगळे ऐकून मसलत दिली की, गणपती तोंडावर आले, हॉल ठरायचा आहे, मोदकांची ऑर्डर द्यायची आहे, अशा वेळी मंडळात फूट नको. शिवाय दिगंबरकाका रविवारी विमानाने सांगलीस कूच करणार, ते एकदा गेले म्हणजे कोणास काय कळणार आहे, सबब उगाच उकरू नये.

ही मसलत गिरिजाबाईंच्या मनात घर करून राहिली, कारण ती सोपी होती. दुसरे दिवशी कंपनीत गोळ्यांची एक बॅच त्यांच्यापुढे आली, एक बारीकसा डाग होता, आणि शेजारचा सहकारी म्हणाला की इतक्या बारीक डागाने कोणाचे काही बिघडणार नाही. बाईंनी बॅच परत फिरविली. मग त्यांच्या मनात आले की परक्यांच्या गोळ्या परत फिरवायला आपणांस काहीच हिंमत लागत नाही.

शनिवारी दुपारी सार्वजनिक ग्रंथालयाच्या खोलीत सभा भरली. मोदकांवर प्रदीर्घ खडाजंगी जाहली, तळणीचे की उकडीचे, आणि तह न होता विषय पुढे ढकलिला. मग दिगंबरकाकांस शाल व नारळ अर्पण करून निरोप देण्याचा समारंभ आला. काका गादी घेऊन आले होते. शर्यतीत धरलेली कंबर अजून सुटली नव्हती. ते हळूहळू उभे राहिले आणि बोलू लागले. सर्वांचे आभार मानिले, अवधूतरावांचे कौतुक केले. मग म्हणाले की, शर्यतीने एक गोष्ट शिकविली. शेवटच्या वळणावर आपला हात थरथरला असणार, पाय उशिरा पडला असणार, एरवी इतका पुढे गेलेला माणूस मागे पडता ना; आपणांस वाटत होते आपण अजून धड आहोत, परंतु नाही, वय जाहले. सांगलीस गेल्यावर स्कूटर विकून टाकायची, ऐसे ठरविले आहे. गिऱ्हाईकही पाहून ठेविले आहे. ऐसे म्हणून ते हसले आणि लोकांनी टाळ्या वाजविल्या.

टाळ्या चालू असतानाच गिरिजाबाई उभ्या राहिल्या. वसुधाताईंनी डोळ्यांनी खुणावले, बाईंनी तिकडे पाहिले नाही. त्यांनी सर्वांस विदित केले की, आपण तपासनीस असता एका मोवरचे हूड न उघडता स्टिकर लाविला. तो मोवर आपल्या घरचा. आणि त्या वेळी आपण वडा खात होतो. चूक आपली आहे, आणि जिने घरच्यांस सोडिले तिने काकांच्या गादीस हात लाविला, हे आपणांस जाचते. बाकीचे ज्याचे त्याने सांगावे. इतके बोलून त्या खाली बसल्या.

सर्वांच्या नजरा अवधूतरावांवर गेल्या, आणि अवधूतराव टेबलावरील बिस्किटाच्या पुड्याकडे पाहात बसले. गिरिजाबाईंस वाटले की हे आता उठणार नाहीत, आणि आपण यांजबरोबर याच घरात पुढची वर्षे काढणार आहोत. मग खुर्ची सरकल्याचा आवाज जाहला.

"पुली मी बदलली," अवधूतराव म्हणाले. "काका, तुमचा हात नाही थरथरला."

मग ते बोलत राहिले, हॉलिस यांच्या ताटव्याचेही सांगितले. सगळे नियम पाळून ग्रीनकार्डाच्या रांगेत किती वर्षे उभे आहोत. या उन्हाळ्यात सरकारने दार उघडले म्हणून सांगितले, मग बंद केले, मग पुन्हा उघडले. ऑफिसात तेच टेबल, तोच हुद्दा. एकदा कोठेतरी पहिले यावे, इतकेच मनात होते. परंतु हे कारण आहे, सबब नव्हे, ऐसेही म्हणाले. आणि करंडक गेल्या शनिवारपासून डोळ्यांपुढे आहे, पण एकदाही नीट पाहवला नाही.

दिगंबरकाकांनी चष्मा काढिला, पुसला, परत लाविला. सर्वांस वाटले की आता रागावतील.

"म्हणजे स्कूटर विकायची नाही?" काकांनी विचारिले.

अवधूतरावांनी नाही म्हणून मान हलविली, आणि काका असे हसले की संग्रामची बायको आपल्या सासऱ्यांकडे पाहतच राहिली.

मग निवाड्यास आरंभ जाहला. वसुधाताईंनी तोड सुचविली की दोघांसही विजयी ठरवावे, म्हणजे कोणी दुखावणार नाही. दुसऱ्या एकाने या प्रांताची रीत सांगितली, की दंड करावा, करंडक राहू द्यावा. यावर गिरिजाबाई म्हणाल्या की दंड भरून जर करंडक घरीच राहतो, तर तो दंड नव्हे, करंडकाचे भाडे आहे. हा मुद्दा सर्वांस पटला आणि ठराव जाहला की: अवधूतरावांची फत्ते रद्द, करंडक दिगंबरकाकांचा, अवधूतरावांस पुढील वर्षी शर्यतीस मनाई, आणि मिस्टर हॉलिस यांचा ताटवा त्यांनी स्वहस्ते पुन्हा लावून जगवावा, गिरिजाबाईंस त्यांच्याच मागणीवरून तपासनिशीतून पायउतार करावे, आणि इतःपर घरच्याचा मोवर घरच्याने तपासू नये, आणि गादी ही शरीराचाच भाग समजावी. वसुधाताईंनी मोठ्या मनाने कबूल केले की आपली आधीची मसलत चुकीची होती, आणि लगोलग मोदकांचा विषय पुन्हा काढिला, परंतु तो कोणी ऐकिला नाही.

कारण दिगंबरकाका अडून बसले. म्हणाले, एकाची तपासणी न करिता करंडक दिला म्हणून हे सर्व जाहले. आता दुसऱ्यास तसाच देणार काय. आपलाही मोवर पुन्हा उघडावा, सर्वांदेखत, नाही तर आपण हात लावणार नाही. गिरिजाबाई तर पायउतार जाहल्या होत्या, तेव्हा तपासावे कोणी हा पेच पडला. काकांनी अवधूतरावांकडे बोट केले. म्हणाले की कोठे काय बदलता येते हे या सभेत यांच्याइतके कोणास ठाऊक आहे.

मग सगळे लष्कर मोटारींत बसून संग्रामच्या घरी गेले. गॅरेजचे दार वर जाहले, मोवर उजेडात आणिला. अवधूतराव निरोपसमारंभाचा पांढरा शर्ट घालून आले होते; ते तसेच सिमेंटवर उताणे झोपले आणि मोवरखाली शिरले. गिरिजाबाई टॉर्च धरून उभ्या होत्या. लोक वाकून वाकून पाहात. अवधूतरावांनी पट्टा पाहिला, पुली पाहिली, टायर दाबिले, हूडमधल्या मारुतीरायांस नमस्कार केला, आणि बराच वेळ तपासत राहिले, इतका वेळ की काकांनाच धास्ती पडली आणि ते म्हणो लागले की आपण तर फक्त तेल बदलिले होते. शेवटी अवधूतराव बाहेर आले. शर्टावर ग्रीसचा पट्टा, कपाळावर ग्रीस.

"क्लीन आहे," ते म्हणाले. मग गिरिजाबाईंनी पर्समधून स्टिकर काढून त्यांच्या हाती दिला, आणि त्यांनी तो स्वतः काकांच्या हूडवर लावून, अंगठ्याने चारी बाजूंनी नीट दाबिला. त्या रात्री अवधूतरावांच्या घरी चहा एकाच भांड्यात जाहला.

रविवारी विमानतळावर नवा पेच उत्पन्न जाहला. काकांच्या बॅगा नातेवाइकांच्या शाम्पूंनी आणि चॉकलेटांनी गळ्यापर्यंत भरल्या होत्या, सबब करंडक हातात घेऊन जाणे प्राप्त जाहले. सामान नेण्यास अवधूतराव आले होते, गिरिजाबाईही होत्या. तपासणीच्या नाक्यावर गणवेशातल्या बाईने करंडक उलटा करून पाहिला, आत हात घालून पाहिला, यंत्रातून दोनदा फिरविला, आणि मग कौतुकाने विचारिले की सर, हे कशाबद्दल.

दिगंबरकाकांनी टोपी सारखी केली, पाठ ताठ केली, आणि वीज मंडळातल्या इंग्रजीत, दुरून ऐकणाऱ्यांसही ऐकू जाईल असे सांगितले:

"फर्स्ट. आफ्टर एन्क्वायरी."

येणेप्रमाणे, शके एकोणीसशे एकोणतीस, सर्वजितनाम संवत्सरी, श्रावणमासी, मौजे कॅरी येथील मोवरयुद्धात राजमान्य राजेश्री दिगंबरकाका सांगलीकर यांची फत्ते जाहली, ती उशिरा जाहली, परंतु चोख जाहली, ऐसे दप्तरी दाखल असावे. यात लिहिणाऱ्याची काही चूक आढळल्यास ती थोरांनी पोटात घालू नये. सर्वांदेखत दाखवून द्यावी.